दोन अवज्ञा, एकच हुकूमशहा

१४ डिसेंबर १९६१ रोजी लिस्बनहून पणजीला एक तारसंदेश आला. पाठवणारा होता पोर्तुगालचा पंतप्रधान आंतोनियु द ऑलिव्हेरा सालाझार. स्वीकारणारे होते 'पोर्तुगीज इंडिया'चे गव्हर्नर जनरल मान्युएल आंतोनियु वासालो इ सिल्वा. भारतीय सैन्य सीमेवर येऊन ठेपले होते. संदेशाचा आशय असा, की युद्धविराम होणार नाही, पोर्तुगीज युद्धकैदी असणार नाहीत आणि कोणतेही जहाज शरण जाणार नाही. सैनिक आणि खलाशी विजयी तरी असतील किंवा मृत तरी. निदान आठ दिवस तग धरावा, म्हणजे तेवढ्या अवधीत जगाच्या दरबारी हालचाल करता येईल, अशीही अपेक्षा होती. आठ दिवसांचा हिशेब लिस्बनमधल्या मेजावर मांडलेला होता. त्याची किंमत माणसांच्या जिवाने मोजायची होती, ती मांडवी आणि झुआरीच्या काठी.

पाचव्या दिवशी, १९ डिसेंबरच्या रात्री, वासालो इ सिल्वा यांनी वास्को येथे शरणागतीच्या कागदावर सही केली.

गोमंतकीय माणूस या तारखेकडे मुक्तिदिन म्हणून पाहतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्या सहीला आणखी एक बाजू आहे. ती सही म्हणजे सालाझारच्या लेखी आज्ञेचा भंग होता. त्याच्या दीर्घ कारकिर्दीत अशी उघड अवज्ञा करणारे वरिष्ठ अधिकारी फार थोडे झाले. त्यांपैकी सर्वांत मोठे नाव गोव्याशी नव्हे, तर फ्रान्समधील बोर्दो शहराशी जोडलेले आहे. १९४० च्या जूनमध्ये आरिस्तीदिस द सौझा मेंडिस या कॉन्सुलाने याच माणसाचा हुकूम मोडून हजारो निर्वासितांना मृत्यूच्या दारातून बाहेर काढले. या दोन घटनांमध्ये एकवीस वर्षांचे अंतर आहे, प्रसंग निराळे आहेत, माणसेही निराळी आहेत. तरीही त्या शेजारी ठेवून पाहिल्या, तर जुलमाच्या यंत्रणेतच बसलेल्या माणसापुढे नैतिक निवड कशी उभी राहते, हे स्पष्ट दिसते.

कागदावरची हुकूमशाही

सालाझार हा घोड्यावर बसणारा हुकूमशहा नव्हता. कोइंब्रा विद्यापीठातील हा प्राध्यापक १९२८ मध्ये अर्थमंत्री झाला, १९३२ मध्ये पंतप्रधान झाला आणि १९३३ च्या नव्या घटनेने त्याने 'इस्तादो नोवो' म्हणजे नवे राज्य उभारले. घटनेत नागरिकांचे हक्क नोंदलेले होते. ते कसे बजावायचे हे ठरवणाऱ्या कायद्यांनी त्यांतला जीव काढून घेतला होता. जाहीर सभांवर बंदी, छापील प्रत्येक ओळीवर सेन्सॉर, आणि राजकीय पोलीस. गोव्यात लग्नपत्रिकासुद्धा मंजुरीसाठी पाठवावी लागे, ही आठवण जुन्या पिढीत अजून सांगितली जाते. अशा राजवटीचा गाडा चालतो तो भाषणांवर नाही. परिपत्रक, शिक्का, टिपण आणि पूर्वपरवानगी ही त्याची चाके. ते चालवायला क्रूर माणसे लागत नाहीत, नियमित माणसे पुरतात.

आणखी एक बाब नोंदण्यासारखी आहे. १९३६ ते १९४७ या काळात परराष्ट्र खाते सालाझारने स्वतःकडे ठेवले होते आणि एप्रिल १९६१ मध्ये लष्करातील एक उठाव फसल्यावर संरक्षण खातेही त्याने स्वतःकडे घेतले. म्हणजे सौझा मेंडिस यांचा खातेप्रमुख तोच आणि वासालो इ सिल्वा यांचाही तोच. दोघांनी मोडलेली आज्ञा मधल्या कुणा अतिउत्साही कारकुनाची नव्हती.

नोव्हेंबर १९३९ मध्ये परराष्ट्र खात्याने आपल्या वकिलातींना १४ क्रमांकाचे परिपत्रक पाठवले. ज्यांचे नागरिकत्व अनिश्चित वा वादग्रस्त आहे असे लोक, राज्यविहीन, रशियन आणि आपापल्या देशांतून हाकलले गेलेले ज्यू, यांना लिस्बनची आगाऊ मंजुरी घेतल्याखेरीज व्हिसा देऊ नये, असे त्यात सांगितले होते. वरवर पाहता हे नकाराचे परिपत्रक नव्हते. विचारून घ्या, एवढेच ते म्हणत होते. पण दाराशी सैन्य आलेले असताना विचारून घेण्यात जे दिवस जातात, तेच नकाराचे काम करतात. कुणालाही 'नाही' म्हणावे न लागता 'नाही' घडते, ही नोकरशाहीची जुनी कला आहे.

बोर्दोतील तीन दिवस

सौझा मेंडिस यांचा जन्म १८८५ चा, उत्तर-मध्य पोर्तुगालमधील काबानास द व्हिरियातु या गावचा. घराणे जमीनदार, सनातनी कॅथलिक. जुळा भाऊ सेझार काही काळ सालाझारच्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री होता. स्वतः आरिस्तीदिस झांझिबार, ब्राझील, अमेरिका, बेल्जियम अशा नेमणुका करत १९३८ मध्ये बोर्दोला आले. पत्नी आंजेलिना आणि चौदा मुले असा संसार. बंडखोराचे म्हणून जे चित्र आपल्या मनात असते, त्यात हा गृहस्थ कुठेच बसत नाही.

तरीही जूनमधला निर्णय आकाशातून पडलेला नव्हता, हे लक्षात घ्यायला हवे. परिपत्रक निघाल्यानंतर काही दिवसांतच त्यांनी आर्नोल्ड विझनित्झर या ऑस्ट्रियन ज्यू इतिहासकाराला परवानगीशिवाय व्हिसा दिला होता. पुढच्या मार्चमध्ये एदुआर्दु नेइरा लापोर्त या स्पॅनिश प्रजासत्ताकवादी डॉक्टरलाही दिला. लिस्बनने खुलासा मागवला. पुन्हा असे घडल्यास शिस्तभंगाची कारवाई होईल, अशी ताकीद दिली. मोठ्या नकाराआधी माणसाने लहान नकारांचा सराव केलेला असतो, असे इतिहासात वारंवार आढळते.

१० मे १९४० रोजी जर्मन फौजा पश्चिमेकडे घुसल्या. १४ जूनला पॅरिस पडले. फ्रेंच सरकार बोर्दोला आले आणि त्याच्या मागोमाग बेल्जियन, डच, पोलिश, लक्झेंबर्गचे, जर्मनीतून आधीच पळालेले, असे निर्वासितांचे लोंढे आले. स्पेन ओलांडून पोर्तुगाल गाठायचे आणि तिथून समुद्रापार निघायचे, एवढी एकच वाट उरली होती. त्या वाटेचे कुलूप पोर्तुगीज वकिलातीत होते. जिन्यावर, फुटपाथवर, खोल्यांमधून माणसे पडून होती.

त्या गर्दीत हाइम क्रुगर नावाचे पोलिश ज्यू रब्बी होते. सौझा मेंडिस यांनी त्यांना कुटुंबासह आपल्या घरात आसरा दिला आणि व्हिसा देण्याची तयारी दाखवली. रब्बींनी तो नाकारला. बाहेर उभ्या असलेल्या सगळ्यांना मिळणार नसेल, तर आपल्याला नको, असे त्यांनी सांगितले. या प्रसंगाकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. सौझा मेंडिस एका कुटुंबाला वाचवून आपल्या सदसद्विवेकबुद्धीची समजूत घालू शकले असते. अशी एखादी दया कोणत्याही राजवटीत खपून जाते. राजवट तिची दखलही घेत नाही. रब्बींच्या नकाराने ती पळवाट बंद झाली. प्रश्न एका ओळखीच्या माणसावर मेहेरबानी करण्याचा उरला नाही, तो नियमाचा झाला. ज्याच्या हातात काहीच सत्ता नव्हती त्या माणसाने, आपली पत्नी आणि मुले धोक्यात घालून, सत्ता असलेल्याला निवड करायला भाग पाडले.

त्यानंतर सौझा मेंडिस यांनी अंथरूण धरले. तीन दिवस ते खोलीबाहेर आले नाहीत. ताप होता की मनाचा कोंडमारा, यावर चरित्रकार आपापली मते देतात. १७ जूनच्या सुमारास ते उठले, दाढी केली, कपडे घातले आणि दार उघडून जाहीर केले, की राष्ट्रीयत्व, वंश वा धर्म न पाहता मागेल त्याला व्हिसा मिळेल. मग कारखान्यासारखे काम सुरू झाले. मुलगे आणि रब्बी पारपत्रे गोळा करत, सचिव जुझे सियाब्रा शिक्के मारत, कॉन्सुल सही करत. शुल्क घेणे थांबले, नोंदवहीत नावे लिहिणे थांबले, पुढे पुढे पूर्ण सही करायलाही वेळ उरला नाही आणि नुसते 'मेंडिस' एवढेच उमटू लागले. तेथून ते बायोनला गेले, मग सीमेवरच्या आंदाइला. रस्त्यात माणसे भेटतील तिथे, हाताला लागेल त्या कागदावर सह्या केल्याचे सांगितले जाते.

लिस्बनने परतण्याचा हुकूम धाडला. माद्रिदमधील पोर्तुगीज राजदूत पेद्रु तियोतोनियु पेरेइरा जातीने सीमेवर आले आणि सौझा मेंडिस यांनी दिलेले व्हिसा ग्राह्य धरू नयेत, असे त्यांनी स्पॅनिश अधिकाऱ्यांना कळवले. तोवर बरेच लोक पार गेले होते. त्यांत लक्झेंबर्गचे राजघराणे आणि हाब्सबुर्ग घराण्याचा वारस ओटो असे बडे लोक होते; ज्यांची नावे कुठेच नोंदली गेली नाहीत असे शिंपी, सोनार, शिक्षक, विधवा त्याहून कितीतरी अधिक होते.

ऑक्टोबर १९४० मध्ये शिस्तभंगाच्या चौकशीचा निकाल लागला. चौकशी मंडळाने पदावनतीची शिफारस केली होती. सालाझारला ती सौम्य वाटली. एक वर्ष अर्ध्या पगारावर कामाविना आणि नंतर सक्तीची निवृत्ती, अशी शिक्षा त्याने स्वतः ठरवली. कर्ज वाढले, गावचे घर गहाण पडले, मुले एकेक करून देशाबाहेर गेली. लिस्बनमधील ज्यू समाजाने निर्वासितांसाठी चालवलेल्या अन्नछत्रात या कुटुंबाला जेवावे लागले. कडवट गोष्ट अशी, की युद्ध संपता संपता निर्वासितांना आसरा देणारा देश म्हणून पोर्तुगालची वाहवा होऊ लागली आणि ते श्रेय राजवटीने निमूट स्वीकारले. ३ एप्रिल १९५४ रोजी सौझा मेंडिस यांचे लिस्बनमध्ये निधन झाले. वृत्तपत्रांनी चार शब्दही लिहिले नाहीत. लिहू दिले गेले नसते.

सभेतले विकर्ण

मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. द्यूतसभेत द्रौपदी विचारते, की आधी स्वतःला हरलेल्या पतीला आपल्याला पणाला लावण्याचा अधिकार होता काय. प्रश्न शुद्ध कायद्याचा आहे आणि सभेत कायदा जाणणारे पुष्कळ बसले आहेत. भीष्म धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून बाजूला होतात. विदुर बोलतो, पण त्याचे बोलणे नेहमीचेच म्हणून कुणी मनावर घेत नाही. खरा धक्का देतो तो विकर्ण. तो दुर्योधनाचा सख्खा भाऊ. ही स्त्री जिंकली गेलेली नाही, असे तो भर सभेत म्हणतो. कर्ण त्याला पोर ठरवून गप्प बसवतो. पुढे युद्धात विकर्ण कौरवांच्याच बाजूने लढतो आणि भीमाच्या हातून पडतो. त्याला मारताना भीमालाही वाईट वाटते.

भीष्मांची गोष्ट याहून अवघड आहे. युद्धाच्या पहिल्या दिवशी युधिष्ठिर आशीर्वाद मागायला येतो, तेव्हा ते कबूल करतात, की माणूस अर्थाचा दास असतो आणि कौरवांनी मला अर्थाने बांधून ठेवले आहे. महाभारतातला सर्वांत प्रामाणिक कबुलीजबाब हाच असावा. त्याच वेळी रणभूमीच्या मध्यावरून युधिष्ठिर पुकारा करतो, की ज्याला आमच्याकडे यायचे असेल त्याने यावे. आणि धृतराष्ट्राचा दासीपुत्र युयुत्सू एकटाच बाजू सोडून निघतो. एकाला कळते पण तो बांधलेला आहे, एक बोलतो पण राहतो, एक निघून जातो. व्यासांनी तिघांपैकी कुणालाही सोपे उत्तर दिलेले नाही.

या महाकाव्यावर 'व्यासपर्व' लिहिणाऱ्या दुर्गा भागवत यांच्यावर अशीच वेळ आली. १९७५ मध्ये आणीबाणी चालू असताना कराडच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. लेखनस्वातंत्र्यावर त्या बोलल्याच. शिवाय बंदिवासात प्रकृती ढासळलेल्या जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थना करण्याचे आवाहन त्यांनी त्याच मंडपात केले. पुढे त्यांना अटक झाली. विकर्णावर लिहिणे आणि विकर्ण होणे यांत अंतर असते, आणि ते सगळ्यांना ओलांडता येत नाही.

ग्रीकांकडे याच प्रश्नाची दुसरी मांडणी आहे. सोफोक्लिसच्या 'अँटिगनी'मध्ये राजा क्रेऑन बंडखोर पॉलिनायसीसचे दफन करण्यास मनाई करतो आणि बहीण अँटिगनी मनुष्याच्या हुकुमापेक्षा देवांचा अलिखित नियम मोठा मानून ते करते. अडीच हजार वर्षे प्रेक्षक तिच्यासाठी हळहळत आले. पण त्या नाटकात एक पहारेकरीही आहे, ज्याच्याकडे सहसा कुणी पाहत नाही. तो दुष्ट नाही. अँटिगनीला पकडून देताना त्याला थोडे वाईटही वाटते. परंतु त्याहून अधिक सुटल्यासारखे वाटते, कारण गुन्हेगार सापडला नसता तर त्याचा स्वतःचा जीव गेला असता. विसाव्या शतकातील जुलूम अँटिगनींमुळे थांबला नाही किंवा क्रेऑनमुळे एकट्याने चालला नाही. तो चालला या पहारेकऱ्यामुळे. सौझा मेंडिस यांचे महत्त्व हेच, की ते पहारेकऱ्याच्या जागेवर होते आणि त्यांनी प्रेताला माती देऊ दिली.

दुसऱ्या महायुद्धानंतर न्युरेम्बर्गच्या न्यायालयाने हाच प्रश्न कायद्याच्या भाषेत आणला. वरिष्ठाचा हुकूम होता, एवढ्याने कुणी जबाबदारीतून सुटत नाही, जर त्याला नैतिक निवड करणे प्रत्यक्षात शक्य होते. १९५० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विधी आयोगाने हे तत्त्व सूत्रबद्ध केले. योगायोग असा, की सालाझारचा संदेश पणजीला आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १५ डिसेंबर १९६१ रोजी, जेरुसलेममध्ये अॅडॉल्फ आइकमनला फाशीची शिक्षा सुनावली गेली. आपण फक्त आज्ञा पाळल्या, हाच त्याचा बचाव होता.

पणजीतला निर्णय

वासालो इ सिल्वा यांच्याकडे पाहताना मात्र हात राखून बोलावे लागते. ते १९५८ पासून त्या राजवटीचे गोव्यातील सर्वोच्च प्रतिनिधी होते, आणि ती राजवट गोमंतकीयांशी कशी वागली हे इथे कुणाला सांगायला नको. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात बंदी मोडली. त्यानंतर त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधील पेनिश किल्ल्यात धाडले. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे हेही तिथेच गेले. हा तोच किल्ला, जिथे सालाझारचे पोर्तुगीज विरोधकही कोंडलेले असत आणि जिथून जानेवारी १९६० मध्ये कम्युनिस्ट नेते आल्वारु कुन्याल निसटले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या.

एक प्रसंग तर केवळ एका शब्दाचा आहे. फेब्रुवारी १९५४ मध्ये म्हापशातील एका खासगी मेजवानीत कुणी वक्ता म्हणाला, की हा गोवा म्हणजेही पोर्तुगालच. शल्यविशारद डॉ. पुंडलिक गायतोंडे जागेवरूनच उत्तरले, 'प्रोतेश्तु', माझा निषेध आहे. ना सभा, ना घोषणा, ना पत्रक. तेवढ्या एका शब्दासाठी १७ फेब्रुवारीला त्यांना अटक झाली आणि पुढे लिस्बनला नेण्यात आले. त्यांच्या पत्नी एदिला मूळच्या पोर्तुगालच्या असोर्स बेटांवरील. त्याही पतीबरोबर उभ्या राहिल्या. मेजवानीत गप्प बसणे किती सोपे असते, हे ज्याने कधी गप्प बसून पाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही.

या माणसांच्या धैर्याशी गव्हर्नर जनरलच्या सहीची तुलना होऊ शकत नाही. त्यांनी प्रतिकार केला. वासालो इ सिल्वा यांनी फक्त शेवटच्या क्षणी एका संहाराला नकार दिला. पण तो नकारही पोकळ नव्हता. त्यांच्या हाताखाली सुमारे साडेतीन हजार सैनिक होते, लढाऊ विमान एकही नव्हते, दारूगोळा तोकडा होता. रणगाडाविरोधी गोळे मागवताना सांकेतिक शब्द म्हणून 'शोरिस' वापरला आणि लिस्बनने खरोखरचेच सॉसेज पाठवून दिले, ही कथा पोर्तुगीज सैनिकच हसत-रडत सांगत आले आहेत. समोर त्याच्या दहापटीहून मोठी फौज होती. १८ डिसेंबरला दाबोळीची धावपट्टी आणि बांबोळीचे बिनतारी केंद्र बाँबफेकीत निकामी झाले. 'अफोंसु द आल्बुकेर्क' ही युद्धनौका लढून जायबंदी झाली. काही ठिकाणी पोर्तुगीज सैनिक प्राणपणाने लढले, मार्गातले पूल उडवले गेले. मात्र सालाझारला हवे असलेले जोहराचे दृश्य घडले नाही. पणजीच्या गल्ल्यांतून लढाई झाली नाही. वास्तू उद्ध्वस्त करण्याच्या सूचनाही गव्हर्नरांनी बाजूला ठेवल्या, असे सांगितले जाते.

अवज्ञेचा सराव त्यांनीही आधी केला होता. तिमोरहून लिस्बनला निघालेले 'इंडिया' जहाज डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुरगाव बंदरात आले, तेव्हा कुणालाही चढू देऊ नये, असा लिस्बनचा आदेश होता. ३८० प्रवाशांच्या त्या जहाजावर त्यांनी सुमारे ७०० लोकांना चढू दिले. ते सगळे युरोपीय वंशाचे होते, हेही इथे नोंदवून ठेवायला हवे. करुणेलाही वसाहतीची रांग होती.

मग त्यांनी सही का केली? आपले सैनिक वाचावेत म्हणून, हे निश्चित. लष्करी अभियंता असल्याने आकडे त्यांना वाचता येत होते, हेही खरे. गोमंतकीयांच्या हक्काचा साक्षात्कार झाला म्हणून नव्हे, हेही तितकेच खरे. हेतू असा मिश्र असला म्हणजे कृतीचे मोल शून्य होते काय? न्युरेम्बर्गचे तत्त्व माणसाच्या अंतःकरणात डोकावत नाही. निवड शक्य होती का आणि त्याने काय निवडले, एवढेच ते विचारते. त्या रात्री पणजी, वास्को, मडगावच्या घरांमध्ये झोपलेल्या माणसांच्या दृष्टीनेही प्रश्न तेवढाच होता. सौझा मेंडिस यांच्या निर्णयात मात्र हा मिश्रपणा जवळजवळ नाही. त्यांना वाचवायचे होते ते परके लोक होते, आणि नियम पाळला असता तर त्यांचे स्वतःचे काहीच बिघडणार नव्हते. फरक आहे तो इथे.

तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज युद्धकैदी छावण्यांत राहिले. त्यांना परत नेण्याबाबत लिस्बनने महिनोन् महिने घोळ घातला; जी माणसे मरायला हवी होती ती जिवंत परतणे राजवटीला अडचणीचेच होते. मे १९६२ मध्ये ते कराचीमार्गे मायदेशी पोचले. स्वागताला बंदूकधारी लष्करी पोलीस उभे होते. १९६३ मध्ये वासालो इ सिल्वा यांना आणि त्यांच्या काही अधिकाऱ्यांना सैन्यातून बडतर्फ करण्यात आले. दुसरीकडे, गोवा मुक्त होऊन सात वर्षे उलटली तरी मोहन रानडे पोर्तुगालच्या काशियास तुरुंगातच होते. सांगलीकडून गोव्यात शिक्षक म्हणून आलेला आणि १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेलेला हा माणूस जानेवारी १९६९ मध्ये सुटला. तोवर खुर्चीवरून पडून सालाझारची सत्ता गेली होती. मात्र ती गेली आहे हे त्याला कुणी सांगितले नव्हते. मंत्री त्याच्याकडे येऊन चर्चा केल्याचे सोंग करत. जुलै १९७० मध्ये तो वारला, तो आपणच राज्य करतो आहोत या समजुतीत.

उशिराचे न्याय

२५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीने राजवट कोसळली. वासालो इ सिल्वा यांना सैन्यातला हुद्दा परत मिळाला. त्याच वर्षअखेरीस पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व करारान्वये मान्य केले. १९८० मध्ये माजी गव्हर्नर गोव्याला पाहुणे म्हणून आले आणि गोमंतकीयांनी त्यांचे आपुलकीने स्वागत केले. पेनिश आणि आग्वाद भोगलेल्यांपैकी काही जण तेव्हा हयात होते.

सौझा मेंडिस यांच्या बाबतीत अधिक वेळ लागला. इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने १९६६ मध्येच त्यांचा गौरव केला होता. पण क्रांतीनंतरही पोर्तुगालचे परराष्ट्र खाते जुन्या फायलीला हात लावायला तयार नव्हते. आपल्याच खात्यातला नियमभंग योग्य होता, असे लिहून देणे कुठल्याही कचेरीला जड जाते. १९८७ मध्ये राष्ट्राध्यक्ष मारियु सुआरिश यांनी कुटुंबाची माफी मागितली. १९८८ मध्ये संसदेने एकमताने त्यांना मरणोत्तर राजदूतपद दिले. त्यांनी किती व्हिसा दिले, यावर अजून वाद चालू आहे. ३० हजारांचा आकडा सर्वत्र छापला जातो, काही इतिहासकार तो फुगवलेला मानतात. नोंदवहीत नावे लिहायला वेळ नव्हता, तिथे पक्का हिशेब मिळणार कुठून? एका सहीवर अख्खे कुटुंब पार झाले असेही घडले.

ऑक्टोबर २०२१ मध्ये लिस्बनच्या राष्ट्रीय स्मारकमंदिरात त्यांच्या नावाची शिळा बसवण्यात आली. अस्थी मात्र काबानास द व्हिरियातुच्या दफनभूमीतच आहेत. गावातला त्यांचा वाडा कित्येक वर्षे छप्पर गळत पडून होता. २०२४ मध्ये तिथे संग्रहालय उघडले. शेजारच्याच सांता कोंबा दाव तालुक्यात विमियेइरु नावाचे गाव आहे. सालाझारची कबर तिथे आहे.